झाड वाढव म्हणली

माझी थोरली बहीण सगुणा, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, ती चैत्रात गेली. पोटात गाठ होती. दुखतंय दुखतंय म्हणायची आन ओवा चावायची. दवाखान्यात नेली तवा डॉक्टर म्हणले, आता घरी नेलं तरी चालेल. म्हणजे काय ते आम्हाला कळलं. तिचं सांगायचं तर झाडाचं सांगावं लागतं, कारण शेवटाला जे झालं ते त्या झाडावरून झालं, आन ते बी एका शब्दावरून. पण ते मागून येईल.

आम्ही सायखेड्याकडच्या. वडील गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, कडेला शेवंती लावायचे. शेवंतीच्या बुडाला फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून दुसरीकडं लावायचे, हे आम्हा पोरींचं काम. अक्कानं लावलेला फुटवा कधी सुकला नाय. माझ्या हातचे निम्मे मरायचे. ती म्हणायची, "तू ओढती, भागे. ओढायचं नसतं. ते कुठून सुटतं ते बघायचं."

तिला नाशिक रोडला दिली. खंडेराव दाजींचा टेम्पो होता, फुलं भाजीपाला मुंबईला न्यायचे. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, मागं नहाणी आन नहाणीला लागून थोडीशी भिंत. घरात सासू, वत्सलाबाई, तोंडाची लय तिखट. पोरगी झाली, रोशनी. मग काय नाय झालं. म्हणजे दुसरं पोर. दाजी हसून म्हणायचे, एकच हाय पण दोघांचा आवाज हाय तिला.

रोशनी शाळेत जायला लागली त्यानंतरची गोष्ट, चौऱ्याण्णव साल असेल. मुंबईवरून रिकामा टेम्पो घेऊन येताना घाटात धुकं होतं. दाजी तिथंच गेले.

त्या दिवशी मी तिच्यापाशी होते. दाजींना नेल्यावर गल्लीतल्या बाया तिला अंगणात घेऊन बसल्या. एकीनं दगड आणला आन म्हणली, "फोडा आता हिच्या बांगड्या." वत्सलाबाई रडत होती, तरी तिच्यावर खेकसली, "फोड म्हणू नये. वाढव म्हण." आपल्यात तसंच म्हणतात. नारळ फोडत नाय, वाढवतो. मग त्या बाईनं अक्काचा हात पाटावर ठेवला आन वाढवल्या. हिरव्या होत्या, श्रावणात भरलेल्या. एक काच मनगटात गेली. अक्का रडली नाय. रक्ताकडं बघत राहिली.

पुढं कितीतरी दिवसांनी मला एकदम म्हणली, "वाढवल्या म्हणतात गं. काय वाढलं?"



त्यानंतर दोनेक वर्षांनी एका शेठनं आमच्या नाशिक रोडकडं मळ्यात हिरव्या जाळीची मोठी शेड टाकली. ऑर्किडची फुलं, मुंबईच्या हॉटेलात जायची. बाया पाहिजे होत्या. अक्का लागली, तिनं मला लावलं. माझे मालक तवा घरी बसलेले होते, म्हणून मी पण गेले.

ते झाड मी पहिल्यांदा बघितलं तवा मला हसू आलं. मातीच नाय. कुंडीत कोळसा, विटेचे तुकडे आन नारळाच्या सोडणाचे तुकडे. त्यात उसाच्या बारीक कांड्यांसारख्या कांड्या उभ्या, मुळं कुंडीच्या भायेर लोंबत्यात. फूल मात्र असं जांभळं की हात लावावासा वाटेना. दोन तीन वर्षांत कुंडी कांड्यांनी गच्च भरते, आतलं सोडण कुजतं, नवा कोंब यायला जागा राहात नाय, मग फूल बंद. म्हणून कुंडी बदलायची आन झाडाचे वाटे करायचे. ते काम अक्काकडं आलं.

सुपरवायझर ललित सर म्हणून पोरगेला होता, चांगला होता. तो सांगायचा, कट करा, डिव्हाइड करा. बाकी बाया म्हणायच्या, चला कापायला. अक्काला ते चालेना. जिवंत झाडावर पातं चालवताना कापायचं कसं म्हणता, म्हणायची. "वाढवायचं म्हणा. एकाची तीन होत्यात ना? मग वाढलंच की. माझ्या बांगड्यांचं म्हणलेलं खोटं होतं, हे तरी खरं हाय."

दुसऱ्या दिवसापासून आख्खी शेड वाढवायचं म्हणायला लागली. चार नंबरची लाईन वाढवली का? हो वाढवली. एकदा गंमत झाली. शेठनं फोनवर विचारलं, आज काय काम झालं, तर ललित सर आमच्या बोलण्यात राहून म्हणून गेले, "शेठ, आज बायांनी दोन लाईनी वाढवल्या." शेठ खुश. संध्याकाळी पेढे घेऊन आला आन बघतो तर लाईनी तेवढ्याच, झाडं उघडी पडलेली, खाली कुजक्या मुळांचा ढीग. ललित सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पेढे आम्ही खाल्ले.

अक्काचं काम बघत राहावं असं. कुंडी आडवी करून थोपटायची, लेकराची पाठ थोपटतो तशी. झाड सुटलं की जुनं सोडण बोटानं काढायचं. काळं लिबलिबीत मूळ काढून टाकायचं, पांढरं टणक मूळ ठेवायचं. पातं विस्तवावर धरून मग लावायचं, दर झाडाला पुन्हा विस्तव. प्रत्येक वाट्याला एक तरी नवा कोंब आन त्याच्या मागं दोन तीन जुन्या कांड्या. पानं गळालेल्या सुरकुतलेल्या कांड्यांना आम्ही म्हाताऱ्या म्हणायचो. मी एकदा म्हणलं, ह्या म्हाताऱ्या कशाला ठेवती, काढून टाक. तर म्हणली, "तिच्या अंगावर पोरगी जगती. म्हातारी काढली की पोरगी आठ दिवसात मान टाकती." मग जिथं पातं लागलं तिथं पावडर लावायची, कोरड्या कोळशात बसवायची, काडीला बांधायची. आन पाणी घालायचं नाय. हे सगळ्यात अवघड. नव्या बाया हमखास घालायच्या, बिचारं सुकलंय म्हणून. अक्का ओरडायची, "ओल्या जखमेवर पाणी घालती व्हय? सुकू दे आधी. मग तेच मागंल."

एकदा टाकलेल्या ढिगातली एक म्हातारी कांडी तिनं पदरात बांधून घरी आणली. रोशनीला म्हणली, ये, घर करू हिला. रोशनीनं तुपाच्या रिकाम्या डब्यात विटा फोडून घातल्या, कोळसा घातला, आन कांडीला आपली शाळेची रिबीन बांधली. ते नहाणीच्या भिंतीवर ठेवलं. लय दिवस काय झालं नाय. वत्सलाबाई रोज म्हणायची, "नवरा गेला आन ही बांडगूळ पोसती." अक्का म्हणायची, "मामी, बांडगूळ दुसऱ्याचं खातं. हे कोणाचं खात नाय. तुमच्यापरास बरं हाय." सासू हसायची पण. दोघी अशाच बोलायच्या, आन रात्री एकमेकीचे पाय दाबायच्या.

कांडीच्या पेरातून कोंब आला. मग दुसरा. रोशनी आठवीत असताना पहिलं फूल आलं.

आता आख्ख्या शेडची झाडं वाढवणारी माझी बहीण, पण घरचं ते झाड तिनं कधी वाढवलं नाय. डबा गंजला, तर डब्यासकट बादलीत ठेवलं. बादली भरली, तर घमेल्यात. मुळं डब्याचा पत्रा फोडून भायेर आली, कांड्या चहूकडं लोंबल्या, तरी नाय. मी म्हणलं, अक्का, आतलं कुजलं असेल गं. तर म्हणायची, "रोशनीनं भरलंय ते. ऱ्हाऊ दे एका जागी." नंतर नंतर त्याला फूल यायचं पण बंद झालं. तिला कळत नव्हतं असं नाय. शेडवर ती असल्या झाडाला हात लावल्याबिगर पुढं गेली नसती.

रोशनीचं पण तसंच धरून ठेवलेलं. स्थळं यायची. येवल्याचं आलं, लांब हाय. सिन्नरचं आलं, तेही लांब. सिन्नर लांब? मी म्हणलं, एसटीनं तासाभरात येईल पोरगी. अक्का म्हणली, "तुला काय, तुला चार लेकरं हायेत."

शेडवर पेठकडची डोंगरातली माणसं कामाला असायची, भात काढून झाला की यायची आन पावसाच्या तोंडाला परत जायची. त्यातला धनराज. शांत पोरगा, फाटकाजवळची खताच्या पाण्याची टाकी बघायचा. रोशनी आईला डबा द्यायला फाटकाशी यायची. कधी जमलं ते आमच्या कोणाच्या ध्यानात नाय आलं. दोन हजार सहाला रोशनीनं घरात सांगितलं.

वत्सलाबाईनं थयथयाट केला, डोंगरातला, आपल्यातला नाय, गल्लीत तोंड कसं दाखवायचं. अक्का त्यातलं एक अक्षर बोलली नाय. ती एवढंच म्हणत राहिली, "पेठला? पेठला जाती?"

शेवटी दोघांनी कचेरीत लग्न केलं. दुसऱ्या दिवशी रोशनी पाया पडायला आली, मी होते घरात. अक्का भांडी घासत होती, उठली नाय. रोशनीनं दुरूनच नमस्कार केला. मग म्हणली, "आई, काय नको मला. ते झाड हाय ना, माझं, त्यातलं थोडं तोडून दे. तिकडं लावीन."

अक्कानं हातातलं ताट आपटलं. "तोडायचं नाय ते. तू तुटली तेवढं बस."

रोशनी गेली. त्यानंतर दोघी बोलल्या नायत. दोन दिवाळ्या गेल्या. मी पेठला जाऊन यायचे, अक्का विचारायची नाय, पण मी आले की चहा टाकून समोर बसायची आन मी आपण होऊन सांगेपर्यंत उठायची नाय. नागलीची भाकर रोशनीला जमत नाय म्हणलं तवा हसली. पोर पडलं पोटातलं म्हणून सांगितलं तवा उठून नहाणीकडं गेली आन त्या झाडापाशी उभी राहिली. मला वाटलं आता म्हणंल, बोलव तिला. म्हणली नाय.

दवाखान्यात ठेवल्यावर मीच निरोप धाडला. रोशनी पहिल्या गाडीनं आली. धनराज दाराच्या भायेरच थांबला, आत यावं का नाय म्हणून. अक्काच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं. तिनं रोशनीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आन म्हणली, "एवढी वाळली? पेठात पीठ मिळत नाय का?"

रोशनी हसायला गेली आन तिला रडूच आलं. अक्का मला म्हणली, "त्याला भायेर का उभा केलाय? चहा पाज त्याला." म्हणून मी धनराजला घेऊन चहाला खाली गेले. आम्ही वर आलो तोवर अक्काला ग्लानी आलेली होती. ती मग नीट बोललीच नाय. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

दहाव्याला सगळं आवरल्यावर रोशनी म्हणली, झाड मी नेणार. वत्सलाबाई आता लेकीकडं जायची होती. ती म्हणली, "ने बाई ते बांडगूळ," आन पदर तोंडात घालून बसली. रोशनी मला बाजूला घेऊन म्हणली, "मावशी, तू चहाला गेली ना, तवा आईनं माझा हात धरला आन म्हणली, माझं झाड वाढव. मला म्हणली. आख्खं मला दिलं." तिचं तोंड असं झालेलं, लेकराला शाबासकी मिळाल्यासारखं. मी म्हणलं, बरं झालं. माझं डोकं तवा दहाव्याच्या भांड्यात आन माणसांच्या जेवणात. शब्द कानावर आला आन गेला.

घमेलं धनराजनं जीपच्या टपावर पोत्यात बांधून नेलं.

दिवाळीला मी पेठला गेले. आई नाय तर मावशीनं साडी न्यायची, पहिला सण होता. पावसाळा नुकताच सरलेला. तिकडचा पाऊस नाशिकसारखा नाय, चार महिने भांडंसुद्धा वाळत नाय. घर कुडाचं, सारवलेलं, अंगणात भात पसरलेला. जेवणं झाली तसं रोशनी म्हणली, चल, आईचं झाड दाखवते.

पडवीच्या कोपऱ्यात पागोळीखाली ठेवलेलं. घमेल्यात माती भरलेली. काळी, शेणकाल्याची. वर कांड्या पिवळ्या, काही आडव्या झालेल्या.

"रोज पाणी घालते," रोशनी म्हणली. "खत पण घातलं, धनराजनं आणलं भाताचं. माती नको म्हणत होता तो, पण नुसत्या विटांवर कसं वाढंल? थोडं सुकल्यावाणी दिसतंय, पण मी सोडणार नाय. आईनं वाढव म्हणून सांगितलंय."

तिची सासू भात उलटा करत होती. ती तिथून म्हणली, "असलं आमचे इकडं आंब्यावर ऱ्हातं. त्याला कोन पानी घालतं? मी सांगलं हिला, पन ही ऐकं नाय."

"ते जंगलातलं, आई. हे माझ्या आईचं हाय," रोशनी म्हणली.

मी खाली बसले आन एक कांडी बोटात धरली. दाबली तसं त्यातून तपकिरी पाणी आलं. वास आला, सडक्या कांद्यासारखा. आन तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाढव. दवाखान्यात अक्का पोरीला काय म्हणली ते मला तिथं कळलं. घरच्या झाडाबद्दल तिनं तो शब्द कधी वापरलाच नव्हता, कारण ते तिनं कधी वाढवलंच नाय. तो शब्द शेडवरचा. रोशनीला कुठून ठाऊक असणार, ती फाटकाशी डबा देऊन जायची, आन धनराज भायेर टाकीवर.

सांगावं का नाय. नाय सांगितलं तर पोरगी रोज पाणी घालून उरलंसुरलं मारणार, आन वर म्हणणार मी आईचं ऐकलं. सांगितलं तर काय होणार ते दिसतच होतं.

मी म्हणलं, "ब्लेड हाय का घरात? आन चुलीतला विस्तव आण. हळद पण."

तिनं आणून दिलं. मी घमेलं आडवं केलं, थोपटलं. आतला गंजका डबा निघाला, त्याचा नुसता पत्रा राहिला होता. मुळांचा गोळा काळा, बोट लावलं की गळायचा. मी पातं विस्तवावर धरलं तशी रोशनीनं माझा हात धरला.

"मावशी, तोडू नको ना. आईनं वाढव म्हणून सांगितलं."

"तेच करते."

"काय?"

"शेडवर आम्ही कापायचं म्हणत नव्हतो. अक्का म्हणू द्यायची नाय. वाटे करायचे त्याला वाढवायचं म्हणायची. नारळ वाढवतो तसं."

तिनं माझा हात सोडला. भाताकडं बघत राहिली, मग घमेल्याकडं. सासूनं तिकडं भात उलटायचं थांबवलं.

"म्हणजे आई म्हणली ते..."

"हो."

"मी मागितलेलं ना. लग्नात. थोडं तोडून दे म्हणलं होतं."

"हो गं."

"मग ती देत होती मला."

"देत होती."

तिनं एक पिवळी कांडी उचलली आन म्हणली, "आन मी बुडवलं तिला."

मी तसं नाय गं म्हणले नाय. दहा-बारा वर्षं भरत गेलेलं, आतून कुजत आलेलं ते झाड, त्यात रोशनीचा पावसाळा. निम्मं अक्कानं मारलं, निम्मं हिनं. दोघींनी जपून जपूनच मारलं. पण हे तिला काय म्हणायचं.

मी काम करत राहिले. काळं ते सगळं काढलं. कोंब एक पण धड निघाला नाय, नुसते हातात आले. बुडाला मधोमध विटांमध्ये काही म्हाताऱ्या कांड्या सापडल्या, सुरकुतलेल्या पण टणक. मला वाटतं त्यातलीच एक अक्कानं पदरात आणलेली. विटेचे तुकडे रोशनीनं फोडलेले. रिबीन नव्हती, ती कधीच गेली असेल.

पातं तापवून मी त्या वेगळ्या केल्या. एक वाटा केला, मग दुसरा. दुसरा वाटा करताना रोशनी म्हणली, "मी करू?" मी पातं तिच्या हातात दिलं. ती ओढायला गेली. मी म्हणलं, "ओढू नको. कुठून सुटतं ते बघ." तिनं बघितलं आन बरोबर तिथंच लावलं. मग जखमेला हळद भरली. तिच्या सासूनं चुलीतले विझलेले कोळसे आणून समोर ठेवले आन म्हणली, "एक वाटा आंब्यावर बांधा. तिथं ऱ्हाईल तर ऱ्हाईल." तसं केलं. धनराजनं सुंभानं बांधला, उरलेला एका फुटक्या माठात बसवला, पागोळीपासून लांब.

ह्यातून काय येईल असं मला वाटत नाय. कांड्या लय भिजलेल्या. आलं तरी वर्ष जाईल. ते मी रोशनीला सांगितलं, आन जखम सुकेपर्यंत पाणी घालायचं नाय हे पण.

संध्याकाळी मी निघायची तयारी करत होते. बघते तर रोशनी माठापाशी उभी, हातात भरलेला तांब्या. सवयीनं भरून आणलेला असेल. ती लय वेळ तशीच उभी होती. कांड्या सुकलेल्याच दिसत होत्या, कोणाला पण वाटेल पाणी घालावं.

मग तिनं तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी स्वतः प्यायली, आन रिकामा तांब्या घेऊन आत गेली.